वस्तूचा दोष, हाताचा दोष

गेल्या मार्गशीर्षात आमचा भाचा चार दिवस निपाणीस येऊन राहिला. तो अमेरिकेत ओरेगॉन प्रांतात नोकरीस असतो. तीन-चार वर्षांनी एकदा येतो, आजीच्या पायांवर डोके ठेवतो, बांगड्यांचे हुमण जेवतो आणि परत जातो. या खेपेस निघण्याच्या दोन दिवस आधी त्याने आमच्यापाशी अगदी साधी वस्तू मागितली. "मामा, चांगल्या गुळाची एक लहान ढेप तुम्ही स्वतः पारखून द्या. पिवळाधमक नको, जुन्या पद्धतीचा हवा." तंबाखूच्या धंद्यात जन्म गेला तरी या मुलखात राहणाऱ्या मनुष्यास गुळाची पारख असतेच, आणि आम्हांस तिचा थोडा अभिमानही आहे. आम्ही लगेच होकार दिला. मग सहज विचारले, "कशासाठी रे?" त्यावर त्याने जरा संकोचून पिशवीतून एक वही काढली.

गूळ बिअरमध्ये घालावयाचा होता. आमचा भाचा घरी बिअर करतो, हे आम्हांस त्या क्षणी प्रथम कळले.

आमचे घराणे मूळचे गोव्याचे. आजोबा घाट चढून बेळगावास आले, तेथून निपाणीच्या एका वखारीत कारकून म्हणून लागले आणि पुढे त्यांनी स्वतःची अडत घातली. कुलदेवतेची वार्षिक पावती, चातुर्मासातील नेम, मठाच्या स्वामींचे आगमन झाले की पाद्यपूजा, हे सर्व आजतागायत चालू आहे. अशा घरात मद्य हा शब्द उच्चारला तरी माणसे एकमेकांकडे पाहतात. ढेप द्यावी की न द्यावी, एवढाच प्रश्न. पण त्याने आम्हांस दोन रात्री झोप लागू दिली नाही. त्या विचाराचा शेवट आम्हांस अद्याप गवसलेला नाही. तरी तो वाचकांपुढे ठेवावा असे वाटले, कारण आमच्यासारखी घरे या मासिकाच्या वाचकांत पुष्कळ असतील.

प्रथम त्या वहीविषयी. वहीच्या एकाच पानावर एकाच पेयाची कृती अनेक वेळा लिहून खोडलेली होती. पेयाचे नाव 'इंडिया पेल एल', म्हणजे इंग्रजांची एक फिक्या रंगाची, कडवट चवीची बिअर. वीस लिटरांचा घाणा. त्यासाठी मोड आणून वाळवलेले सातू, ज्यास माल्ट म्हणतात, ते प्रथम साडेपाच किलो धरले होते; मग गूळ घालण्याचे ठरल्यावर ते पाच किलोंवर आणून गूळ चारशे ग्रॅम मांडला होता. सातू भरडून सासष्ट अंश उष्णतेच्या पाण्यात तासभर ठेवावयाचे, म्हणजे त्यांतील पिठाची साखर होते. उष्णता दोन-तीन अंशांनी वाढली तर न आंबणारी साखर अधिक राहते आणि पेय जड होते. कमी झाली तर ते पातळ, कोरडे होते. मग तो गोड काढा गाळून तासभर उकळावयाचा आणि त्यात हॉप नावाच्या वेलीची फुले घालावयाची. आरंभी घातलेली फुले कडूपणा देतात, पण त्यांचा सुगंध वाफेबरोबर उडून जातो. शेवटच्या दहा मिनिटांत घातलेली फुले कडू थोडे करतात आणि वास पुष्कळ देतात. म्हणून तीस ग्रॅम आधी, तीस ग्रॅम शेवटी, आणि आंबण्याची क्रिया संपत आल्यावर आणखी साठ ग्रॅम थंडच टाकावयाची. लिटरमागे कडूपणाचे सत्त्व किती मिलिग्रॅम उतरेल याचा हिशेब समासात होता. आरंभी सत्तर धरले होते. ते खोडून पंचावन्न केले होते.

"सत्तर का खोडलेस?" आम्ही विचारले.

"गूळ आला म्हणून," तो म्हणाला. "गुळाची सगळी साखर आंबून जाते, अंगात काही उरत नाही. माल्टचा गोडवा खाली असला तर कडूपणा त्याच्यावर टेकतो. तो कमी झाला की तोच कडूपणा बोचतो."

आम्ही ते पान बराच वेळ पाहत राहिलो. आमच्या आजोबांच्या हातची खतावणी आम्ही अशीच पाहिली आहे. एक आकडा हलला की त्यापायी दुसरे चार हलतात, आणि ते चारही जो प्रामाणिकपणे हलवतो त्याचाच ताळा जमतो. भांडी कशी धुवावयाची, कोणत्या औषधाने निर्जंतुक करावयाची, यीस्ट टाकतेवेळी काढा वीस अंशांच्या खाली आला आहे की नाही, हे तो ज्या कसोशीने सांगत होता त्या कसोशीने आमच्या घरी आता सोवळेही पाळले जात नाही. श्रीगणेशचतुर्थीस नैवेद्याची नेवरी एक फुटली तर हळहळणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. तोच भाव येथे, मद्याच्या भांड्यापाशी, दृष्टीस पडावा याचे आश्चर्य वाटले. आणि खरे सांगावयाचे तर थोडा रागही आला. इतका सद्गुण इतक्या अपात्र वस्तूवर का खर्च व्हावा?

आता नावाचा प्रकार. या पेयास 'इंडिया' म्हणतात, पण ते मूळचे इंग्लंडचे, आणि हिंदी माणसाने ते त्या काळी क्वचितच चाखले असेल. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या पूर्वेस बो येथे हॉजसन याची भट्टी होती. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे जेथून सुटत ती जागा तेथून जवळ, आणि हॉजसन कप्तानांस उधारीवर माल देई. त्याच्या यशाचे मूळ बहुतेक एवढेच. आफ्रिकेस वळसा घालून मुंबई-कलकत्त्यास पोहोचावयास कित्येक महिने लागत. हॉप आणि मद्यार्क यांच्या बळावर माल टिके, आणि उन्हाळ्या-हिवाळ्यांतून हेलकावत जाता जाता तो पिपातच मुरून उत्तम होई. पुढे हॉजसनच्या वारसांनी उधारी बंद करून जहाजाचा धंदाही आपणच करावयाचे मनात आणले. तेव्हा कंपनीच्या एका संचालकाने १८२२ च्या सुमारास बर्टन गावच्या ऑलसॉप यास हेच पेय करावयास सुचविले. बर्टनच्या पाण्यात जिप्सम पुष्कळ, त्यामुळे कडूपणा स्वच्छ उमटतो. काही वर्षांतच बर्टनवाल्यांनी लंडनवाल्यांची पेठ जिंकली. सामान्य गोरा शिपाई प्रायः पोर्टर नावाची काळी बिअर पीत असे. फिकी बिअर अधिकाऱ्यांच्या आणि मुलकी साहेबांच्या मेजावर. बेळगावचा किल्ला मन्रो याने १८१८ मध्ये घेतला आणि पुढे तेथे छावणी वसली. तेव्हा आज बेळगावी म्हणवणाऱ्या त्या शहराच्या कॅम्पात, जेथे आपण मिलिटरी महादेवाच्या दर्शनास जातो त्या वडापिंपळांच्या छायेत, या पेयाची पिपे फुटली असणार, असे अनुमान करावयास हरकत नाही.

भाच्याचा गूळ मागण्याचा हेतू यातच होता. "नावात इंडिया आहे, मामा, आणि आत काहीच नाही. सातू तिकडचे, हॉप तिकडचे, पाणी तिकडचे. आपल्याकडचे एक तरी त्यात असू दे." हा अभिमान आम्हांस गोड वाटला, आणि तितकाच चमत्कारिकही. मातृभूमीचे ऋण फेडण्याची ही एक नवीनच रीत!

शास्त्राकडे वळावे, म्हणजे निकाल लागेल, असे आम्हांस वाटले होते. पण शास्त्राने निकाल सोपा केला नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात सुरापान महापातकांत गणले आहे, आणि सुरा हा अन्नाचा मळ आहे असे कारण दिले आहे. आदिपर्वात शुक्राचार्यांची कथा आहे: सुरेबरोबर आपल्याच शिष्याची, कचाची, राख पिऊन टाकल्यावर त्यांनी ब्राह्मणांस सुरा वर्ज्य ठरवली. येथपर्यंत सरळ आहे. पण ज्या परंपरेने हे सांगितले तिच्यातच सौत्रामणी नावाचा याग आहे आणि त्यात सुरेची आहुती आहे. त्या सुरेसाठी मोड आलेले भात आणि मोड आलेले सातू घ्यावयास सांगितले आहे. भाच्यास हे सांगितले तेव्हा तो हसून म्हणाला, "मग माल्ट तिकडचे नव्हे, मामा!" त्यास उत्तर देणे आम्हांस सुचले नाही.

त्याहून आम्हांस विचारात पाडले ते कौटिल्याने. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्षाचा अध्याय आहे आणि त्यात चक्क कृती दिल्या आहेत: मेदक नावाच्या मद्यास एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ, तीन प्रस्थ किण्व. किण्व म्हणजे आंबवण्याचे विरजण. वहीतले पान आणि हा अध्याय यांत दोन हजार वर्षांचे अंतर आहे, पण हात तोच. कौटिल्य मद्याविषयी भोळा नाही. मद्य ठरलेल्या जागीच करावे व विकावे, पिणाऱ्यांवर नजर ठेवावी, असे तो बजावतो. परंतु गृहस्थांस सणासमारंभाच्या प्रसंगी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरी करण्याची मुभाही देतो. आणि एक बारीक गोष्ट सांगतो: दुकानाबाहेर मद्य न्यावयाचे तर ते थोड्या, मोजलेल्या प्रमाणात, आणि ज्याचे शुद्ध आचरण सर्वांस ठाऊक आहे अशाच मनुष्याने न्यावे. त्याला वस्तूपेक्षा ती कोणाच्या हाती जाते याची चिंता अधिक होती, असे आम्हांस वाटते. ही ओळ आम्ही पूर्वीही वाचली असेल. या खेपेस ती मनात रुतून बसली.

कायद्याचे म्हणाल तर तो नदी-घाटांबरोबर बदलतो. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता आणि १९४९ चा दारूबंदीचा कायदा येथे लागू होता. त्याच काळी घाटाखाली पोर्तुगीजांच्या गोव्यात फेणी उघड्यावर विकली जाई. चार कोसांवर जे पाप नव्हते ते रामघाट चढला की गुन्हा ठरे. आज कोगनोळीचा नाका ओलांडला की कर्नाटकाचा कायदा जातो आणि महाराष्ट्राचा येतो. मात्र परवान्यावाचून घरी बिअर करावयास दोन्हीकडे बंदी आहे. अमेरिकेत १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने ती मुभा मिळाली. दोन प्रौढ माणसांच्या घरास वर्षाकाठी दोनशे गॅलन. एक अट आहे: पाजता येते, विकता येत नाही. म्हणून भाच्याने वही येथे आणली, भांडे आणले नाही. एवढी मर्यादा त्याने पाळली, हे त्याच्या बाजूने नोंदवून ठेवले पाहिजे.

रात्री जेवणे झाल्यावर ही चर्चा आईच्या कानांवर गेली. आमची आई आता नव्वदीच्या घरात आहे. ऐकू कमी येते, पण नको ते नेमके ऐकू येते. ती म्हणाली, "सोरो तो सोरोच, ताका खंयचेंय नांव दी." आम्हांस बरे वाटले. घरातील सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता.

परंतु तिच्या उशाशी द्राक्षासवाची बाटली होती. ती गेली तीस वर्षे तेथेच आहे. दोन चमचे आसव, दोन चमचे पाणी, जेवणानंतर. भाच्याने ती उचलून तिच्यावरील चिठ्ठी मोठ्याने वाचली: स्वयंनिर्मित मद्यार्क पाच ते दहा टक्के. त्याच्या बिअरमध्ये साडेसहा टक्के उतरेल असा वहीतला हिशेब होता. "आजी, तुझा सोरो माझ्याहून कडक असूं येता," तो म्हणाला. आई रागावली नाही. ती म्हणाली, "हांव दोन कुलेर पियेता. तूं कितलें पियेतलो?"

या उत्तरात पुष्कळ आहे. आसव-अरिष्टे ही धायटीच्या फुलांनी आणि गुळाने किंवा मधाने आंबवलेली मद्येच होत. आमचे वैद्य ती शतकानुशतके करीत आले. दारूबंदीच्या कायद्याखाली औषधांतील मद्यार्काचा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९५१ च्या बालसरा खटल्यात औषधी आणि प्रसाधनाच्या वस्तूंपुरते ते निर्बंध न्यायालयाने रद्द केले. म्हणजे वस्तू तीच. चमच्याने घेतली की औषध, पेल्याने घेतली की व्यसन. आम्ही भाच्यास म्हटले, "दोष मात्रेत आहे." तो म्हणाला, "तर मग माझ्या वहीत मात्रेशिवाय दुसरे काय आहे, मामा?"

येथे गडकऱ्यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. 'एकच प्याला' १९१९ मध्ये रंगभूमीवर आले आणि तेव्हापासून मराठी मनुष्यास मात्रेचा युक्तिवाद ऐकला की सुधाकर दिसतो. सुधाकर बुद्धिमान होता, मानी होता. बुद्धी आणि मान यांनी त्याचे रक्षण केले नाही, उलट मानानेच त्याला पहिल्या प्याल्यापाशी नेले. नाटकाचे नाव पहिल्या प्याल्याचे आहे, शेवटच्या नव्हे. हे आम्ही भाच्यास सांगितले. त्याने ते नीट ऐकले आणि उडवून लावले नाही. तो म्हणाला की त्याच्या मित्रमंडळीत असा एक जण होता. आता त्याने सोडली आहे. एवढेच बोलून तो गप्प राहिला. त्या मित्राने प्रथम कोणाच्या घरची घेतली होती, हे आम्ही विचारले नाही. विचारावयास हवे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्याबरोबर वखारीत आला. लहानपणी तो तेथे ढिगांवर खेळला आहे. मार्गशीर्षात वखारीत नवा माल नसतो. गेल्या सालचा उरलेला पाला पोत्यांत असतो, पण धूळ बारमास असते. ती नाकात गेली की सवय नसलेला मनुष्य शिंकू लागतो. तो शिंकला, डोळे पुसले, आणि हसत हसत एक प्रश्न विचारला. त्यात आमचा अपमान करण्याचा हेतू नव्हता, हे आम्ही शपथेवर सांगू.

"मामा, हा पालाही मुरवतात ना? ढीग घालून, पाणी शिंपडून?"

"होय. त्याशिवाय वास चढत नाही."

"आणि तुम्ही ओढत नाही."

"आमच्या घरात कोणीच ओढत नाही. तीन पिढ्या."

"मी करतो ते मी पितो. तुम्ही विकता ते तुम्ही शिवत नाही. यांतले सोवळे कोणते?"

आम्ही त्या वेळी काहीतरी उत्तर दिले. धंदा कायदेशीर आहे, कर भरतो, या तंबाखूवर हजारो घरे जगतात, असे काही. सर्व खरे आहे. निपाणी भागातील काळ्या जमिनीत बिडीच्या तंबाखूइतके रोख पैसे देणारे पीक एके काळी दुसरे नव्हते. त्याच्या भावासाठी १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्ग अडवला, आणि एप्रिलात गोळीबार होऊन शेतकरी मृत्युमुखी पडले. आम्ही तेव्हा तरुण होतो. महामार्गावर पडलेल्या बैलगाड्या आम्ही पाहिल्या आहेत. वखारीत पाला कुटणाऱ्या, चाळणाऱ्या स्त्रियांनीही त्याच सुमारास संघटना केली. 'युगांतर' नावाच्या स्त्रियांच्या गटाने १९८२ साली त्यांच्यावर चित्रपट काढला. वजनात लूट, मजुरीत लूट, आणि छातीत धूळ, हे त्यांचे म्हणणे होते. आमच्या वखारीचे नाव त्यात कोणी घेतले नाही. पण चाळण आमच्याकडेही होती आणि धूळही तीच होती. मजुरी वाढवून देण्यास आमचे वडील सर्वांच्या शेवटी तयार झाले, हे येथे लिहावयास आम्हांस चाळीसहून अधिक वर्षे लागली.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात मांसाविषयी एक श्लोक आहे, जो आम्हां मत्स्याहारी सारस्वतांनी फारसा मोठ्याने म्हटलेला नाही. त्यात मारणारा एकटाच घातक ठरत नाही. अनुमती देणारा, कापणारा, विकत घेणारा, विकणारा, रांधणारा, वाढणारा आणि खाणारा असे सारेच त्या पंक्तीत बसवले आहेत. वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात गेली म्हणून दोष मागे राहून जात नाही. तो बरोबर चालत जातो. आम्ही ढेप द्यावी की नाही याचा विचार करताना हा श्लोक भाच्याविरुद्ध काढणार होतो: गूळ देणाराही त्या पंक्तीत येतो, म्हणून देत नाही, असे सांगणार होतो. वखारीतून घरी येईपर्यंत श्लोकाचे तोंड आमच्याकडे फिरले होते.

मग आम्ही दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. भाच्याचा घाणा वीस लिटरांचा. गाळ, गळती वजा जाता पन्नासएक बाटल्या. त्या पन्नास बाटल्या त्याच्या घरातून जातात तेव्हा प्रत्येक कोणाच्या हाती गेली हे त्यास ठाऊक असते. कोणी पहिलीच पीत असेल तर तो समोर असतो. कोणी तिसरी मागितली तर 'पुरे' म्हणणारा तोच. आमचे चाळीस किलोंचे एक पोते. एका बिडीत तंबाखू पाव ग्रॅमही नसते. पाचवा हिस्सा धरला तर त्या एका पोत्यातून दोन लाख बिड्या निघतात. त्या ओढणारांतील एकाचाही चेहरा आम्हांस ठाऊक नाही. २००३ च्या कायद्याने बिडीच्या कट्ट्यावर आता रोगाची भयानक चित्रे छापावी लागतात. म्हणजे चेहरा सरकारने छापून दिला, आणि तोही आमच्यापर्यंत पोहोचत नाही, कारण आम्ही पाला विकतो, कट्टा विकत नाही. दूर असणे हेच आमचे सोवळे झाले आहे.

याचा अर्थ भाच्याचे मद्य निर्दोष आहे असा आम्ही काढत नाही. ओळखीच्या माणसाने प्रेमाने पुढे केलेला पेला हाच सर्वांत अवघड; नको म्हणणे दुकानदारास सोपे, यजमानास कठीण. तळीराम परका नव्हता, हे गडकऱ्यांस पक्के ठाऊक होते. घरी केलेल्या, कौतुकाने वाढलेल्या वस्तूस एक मोहक निष्पापता येते, आणि तिचा मोह बाजारी बाटलीपेक्षा अधिक असू शकतो. कसोशी, स्वच्छता, मोजमाप हे गुण वस्तूस चांगली करतात. ती वस्तू चांगली आहे की नाही हे त्यांवरून ठरत नाही. विषही स्वच्छ भांड्यात करता येते. हे सर्व आम्ही त्यास सांगितले. परंतु ते सांगण्याचा अधिकार आमच्या जिभेस कितपत उरला होता, हे वाचकांनीच ठरवावे. आमच्या मते करणाऱ्या हाताची परीक्षा त्याच्या वस्तूच्या जातीवरून करण्यापेक्षा तो हात आपल्या वस्तूच्या मागोमाग किती दूरवर जावयास तयार आहे यावरून करावी. आणि या परीक्षेत आम्ही मामा-भाचे दोघेही नापास झालो तरी गुण सारखे पडणार नाहीत.

त्या रात्री आईने पुन्हा एकदा विषय काढला. आम्ही म्हटले, गूळ द्यावा की नाही ते कळत नाही. ती बराच वेळ काही बोलली नाही. झोप लागली असेल असे वाटले. मग म्हणाली, "कोणाक दितलो तें विचार."

दुसऱ्या दिवशी आम्ही भाच्यास घेऊन एका ओळखीच्या गुऱ्हाळावर गेलो. रस उकळत होता. भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून मळी काढणे चालू होते. पिवळ्याजर्द ढेपा एका बाजूस रचल्या होत्या. त्या रंगासाठी पुष्कळ ठिकाणी हायड्रॉस पावडर घालतात, आणि गिऱ्हाइकास तोच रंग हवा असतो. आम्ही तांबूस, जरा काळपट ढेप निवडली. नखाने खरवडून रवा पाहिला, जिभेवर ठेवून खारटपणा नाही याची खात्री केली. भाच्यास म्हटले, "ही घे. हिच्यात काही नाही, उसाशिवाय. पण एक कर. तुझ्या वहीत सातू किती, हॉप किती, उष्णता किती, सगळे आहे. कोणासाठी, हा रकाना नाही. तो घाल. ही ढेप ज्या घाण्यात जाईल त्याची प्रत्येक बाटली कोणी प्यायली ते लिहून आम्हांस कळव."

त्याने हे थट्टेवारी नेले नाही.

माघाच्या अखेरीस त्याचे पत्र आले. घाणा चांगला उतरला. गुळाचा वास प्रत्यक्ष राहिला नाही, पण शेवटी जिभेवर एक करडी, उसाच्या पाचटासारखी चव येते म्हणे. पुढच्या वेळी तो कडूपणा आणखी थोडा उतरवणार आहे. सोबत यादी होती. बाटल्या एकोणपन्नास. प्रत्येकीपुढे नाव, आणि काही नावांपुढे एक-दोन शब्द: शेजारी, कार्यालयातील वरिष्ठ, तिच्या वाढदिवसास, याने दोन मागितल्या एक दिली. सहा स्वतःच्या नावावर होत्या. एका ओळीत बाटलीचा आकडा होता आणि नाव लिहून खोडले होते. पुढे लिहिले होते: तो आला होता, दिली नाही, चहा केला.

ती यादी आम्ही आईस वाचून दाखवली. मग ती वखारीत नेऊन चालू सालच्या खतावणीत ठेवली. नव्या पाल्याचे दर पुढील पंधरवड्यात फुटतील. यंदा किती पोती घ्यावयाची हे मुनीमजी दोनदा विचारून गेले आहेत, आणि आम्ही त्यांस आकडा अजून दिलेला नाही.